उधारीच्या लायक

आप्पा, दुपारची वीज गेलीय, शिलाईच्या मशिनी बंद आहेत आणि मला एका जागी बसवत नाही. कापडाच्या गठ्ठ्यावरचा तपकिरी कागद ओढून लिहितेय. उद्या मी कर्ज काढणार आहे. तुम्ही असता तर हे ऐकून पायात चपला घालून निघून गेला असता, दोन दिवस बोलला नसता. म्हणूनच तुम्हाला सांगावंसं वाटतं.

कर्ज घरासाठी आहे. कुंभारीतलंच आपलं घर, ज्याचं भाडं तुम्ही जन्मभर वेळेआधी दिलंत. मालकांचा मुलगा ते विकायला निघालाय. गेल्या दिवाळीत येऊन म्हणाला, "ताई, तुमाला घ्यायचं आसंल तर आदी तुमाला. फुडच्या दिवाळीपतुर थांबतो, मग न्हाय." तुम्ही डोळे मिटलेत ती खोली परक्याची होणार, हे मला सोसवेना. बँकेत गेले ते ताठ मानेनं, कारण कुणाचं दमडीचंही देणं नव्हतं. टेबलापलीकडची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "मावशी, तुमच्या नावावर काहीच दिसत नाही की." मी म्हटलं, "कसं दिसंल? कदी उधारच घेतलं न्हाय." वाटलं, आता शाबासकी मिळणार. ती म्हणाली, "तेच अवघड आहे. घेतलेलं तुम्ही वेळेवर फेडता, हे आम्ही कशावरून ओळखायचं?" असा संताप आला म्हणून सांगू! तुमचा आणि माझा मिळून सगळा प्रामाणिकपणा, आणि हिच्या लेखी मी कोरी पाटी. घरी येऊन लेकीकडून फोनवर क्रेडिट रिपोर्ट काढून घेतला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, पॅन नंबर तेवढा लागतो. वर माझं नाव, पत्ता, जन्मतारीख. खाली सगळं रिकामं.

वाट शेवटी बँकेतल्या त्याच मुलीनं दाखवली. बँकेत थोडी मुदत ठेव ठेवायची, तिच्यावर कार्ड मिळतं. त्यावर थोडंथोडं घ्यायचं आणि बिल आलं की तारखेच्या आत सगळं भरायचं. कार्ड आलं. मी त्याला हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं आणि गुढीपाडव्यापर्यंत हातसुद्धा लावला नाही. इतकं जपल्यावर बँक खूश होईल अशी माझी समजूत. मुलीनं कपाळावर हात मारला. "अहो मावशी, पूजेला नाही दिलं की कार्ड! वापरल्याशिवाय क्रेडिट स्कोअर कसा यायचा?" तुमची लेक मी, दुसरं काय करणार होते?

मग दोरे, बटणं, कॉलरचं कॅनव्हास कार्डावर घेऊ लागले. बिल येईपर्यंत जीव खालीवर. मुदत पुष्कळ असायची, पण मी आल्या दिवशीच भरून मोकळी व्हायची. आणि दर वेळी ती दुपार आठवायची. मी चौथीत आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात लाल रिबन बघत उभी आहे. दुकानदारकाका कापून हातात देतात. "ने की. आप्पाची लेक तू, पैशे दे सवडीनं." तुम्ही कारखान्यातून आलात, अंगाला सुताचे तंतू चिकटलेले. माझ्या केसांत रिबन दिसली आणि काही न विचारता मनगट धरून भर उन्हात मला दुकानात नेलंत. "माज्या घरात कुणालाबी उधार द्यायचं न्हाय. आज रिबन, उद्या पोरीला मान खाली घालून चालावं लागंल." काका म्हणाले, "आवो, इस्वासानं दिली की पोरीला." तुम्ही रिबन त्यांच्यापुढं ठेवलीत. खिशात पैसे असते तर देऊन आला असता, हे मला आता कळतं. तेव्हा मी रस्ताभर रडत आले आणि तुम्ही एकदाही मागं वळून पाहिलं नाहीत.

आज सकाळी बँकेतल्या मुलीचा फोन आला. "मावशी, स्कोअर चांगला आलाय. कर्ज मंजूर झालं, उद्या सहीला या." तेव्हापासून मी उठते, दाराशी जाते, परत येऊन बसते. हप्ता चुकला तर? एखाद्या वर्षी शाळांच्या युनिफॉर्मचं काम मिळालंच नाही तर? भीती वाटते, खोटं कशाला बोलू. तुमच्या आठवणीनं लाजही वाटेल असं वाटलं होतं. ती काही वाटली नाही.

वीज आली बघा, बायका मशिनीवर बसायला लागल्या. हा कागद आता कापडाखाली जाईल, पाठवायला तुमचा पत्ता तरी कुठं आहे. एकच सांगायचं राहिलं. ती रिबन मला आवडली होती, आप्पा, पण रडले मी रिबनीसाठी नव्हे. माझ्यावर पहिल्यांदाच कुणीतरी विश्वास ठेवला होता, आणि तुम्ही तो परत करून आलात.