कडुलिंबाच्या अंगणाचा पत्ता

१२ नोव्हेंबर १९५५, लाहोर

दिल्ली दरवाजा पाहिला. अब्बांनी मान वर करून बघितलं नि म्हणाले, "आपला जटपुरा गेट याच्याहून मजबूत हाय." रस्त्यात ते माझ्याशी मुद्दाम चांद्याची मराठीच बोलतात — इथं कोणाला कळू नये म्हणून.

व्हिसा पाच दिवसांचा. तेवढ्यात खुर्शीदा आपा सापडायला हवी. लग्न होऊन ही माझी थोरली बहीण इकडे आली. दोन वर्षं झाली, पत्र नाही. जुन्या पाकिटावर दुल्हाभाईंचं नाव नि 'मोठ्या मशिदीमागची गल्ली' एवढंच. अशा गल्ल्या वीस तरी आहेत.

१३ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. इथं तरी खरं.

पत्रं बंद झाल्यावर अम्मीनं अंथरूण धरलं. रोज विचारायची, आलं का? घरात वाचता येतं ते एकट्या मला. मी जुनंच पत्र हातात धरून नवं म्हणून वाचत गेले. अब्बा कल्हईचा भाता थांबवून ऐकायचे. आपाचं घर, अंगणात कडुलिंब, विहीर, निळं दार — सगळं माझ्या मनचं. अम्मी त्यावर दोन घास खायची.

आणि आज अब्बा गल्लोगल्ली विचारत होते, कडुलिंबाचं घर कुठं आहे? लोक हसले. इथं सज्जे एकमेकांना टेकलेले, आभाळ चिंधीएवढं. अंगण कोणालाच नाही. एक पानवाला म्हणाला, "चाचा, झाड हवं असेल तर दरवाज्याबाहेर जा."

मी शेजारी उभी होते.

१४ नोव्हेंबर

घर सापडलं. तीन मजले, काळोखा जिना. वर बायका, म्हणून मी एकटीच गेले. म्हातारी घरमालकीण माझा चेहरा बघतच राहिली. "तू तिची बहीण? बेटी, ती बाळंतपणात गेली. लेकरूही. दोन उन्हाळे झाले. नवरा कराचीकडे गेला, कुठं ते माहीत नाही."

पाणी दिलं तिनं. पेला तसाच ठेवून मी जिना उतरले.

खाली अब्बा तांबटाच्या दुकानापुढे पातेलं वाजवून बघत होते. "कडुलिंब हाय का वो?"

"नाही. दुसरेच लोक राहतात."

१५ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर

आजही फिरलो. मशिदीच्या भिंतीवरच्या निळ्या फरशीवर अब्बांनी पालथा हात ठेवला, भांडं तापलं का बघतात तसा. मग म्हणाले, "सुलताना, विहीर कोण्या बाजूले लिवली होती?"

"डावीकडे."

हे आणखी एक खोटं. अल्ला मला माफ करणार नाही.

अब्बांनी भिंतीवरचा हात काढला. "तुले मले काही सांगाचं हाय का?"

"नाही, अब्बा."

"बरं. चाल, त्या गल्लीत पाहू."

गेलो.

१७ नोव्हेंबर, अटारी

गाडी अजून हलली नाही. अब्बा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपल्या दारात दोन सालात डाकवाला आलाच नाई. मी तं दारातच बसतो." मग माझ्याकडे वळून — "अन् त्या दिवशी तू जिना उतरली, तवाच समजलो."



"अम्मीले घर सांगजो," म्हणाले. "कडुलिंब, विहीर, सारं. तुले चांगलं जमते."