पीसी, कन्सोल आणि एक सोडून एक शनिवार

३ जून, शनिवार

ठकी येऊन गेली. कोर्टाच्या कागदाप्रमाणे एक सोडून एक शनिवार माझा. लेक आता तेरा वर्षांची झाली, चारचौघांत ठकी म्हणायचं नाही असं तिने बजावलंय. इथे चालेल.

सबंध दिवस मोबाईलमध्ये डोकं. काय खाणार विचारलं, तर काहीही. कुठे जायचं विचारलं, तर कुठेही. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, तुझ्याकडे एखादा गेम असता ना, तर आपण दोघं खेळलो असतो."

म्हणजे अडचण माझी नाही, यंत्राची आहे. हायसं वाटलं.

संकल्प : पुढच्या खेपेला यंत्र घरात. पण रीतसर. उठलं आणि दुकानात गेलं, हे आपल्याकडे नाही. पंपांच्या कारखान्यात खरेदी खात्यात केस पिकले. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय मी साधा वायसर घेत नाही. फ्रिज घ्यायला आम्हाला दोन उन्हाळे लागले, हे ठकीच्या आईने कोर्टातसुद्धा सांगितलं. फ्रिज माझ्याकडेच आहे आणि उत्तम चालतोय. संसारच तेवढा बंद पडला.

८ जून, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत तक्ता सुरू केला. कन्सोल : सुरुवातीला स्वस्त, टीव्हीला जोडा आणि खेळा. पण गेम महाग, आणि ऑनलाईन खेळायचं तर दरवर्षी वर्गणी. पीसी : सुरुवातीला खिसा फाटतो, पण गेम सेलमध्ये मातीमोलाने मिळतात, एकेक पार्ट बदलता येतो, शिवाय अभ्यासाला उपयोगी. पाच वर्षांचा हिशोब मांडला की चित्र पालटतं.

स्टोअरकीपर डबा खाता खाता डोकावला. म्हणाला, साहेब, पोरीला खेळायचंय ना, मग कन्सोल घ्या आणि मोकळे व्हा. ह्या माणसाने आयुष्यात नटबोल्ट मोजून देण्यापलीकडे निर्णय घेतलेला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

१७ जून, शनिवार

यंत्र आलेलं नाही, पण तक्ता पूर्ण. ठकीला दाखवला. तिसऱ्या ओळीपर्यंत तिने मन लावून वाचला. मग म्हणाली, तिच्या मैत्रिणीकडे एक होडीचा गेम आहे. होडीत दोघं बसतात, एकाने डावं वल्हं मारायचं, दुसऱ्याने उजवं. एकट्याने खेळता येत नाही. तो आपण घेऊ.

तिला समजावलं की गेमची निवड हा पुढचा टप्पा. आधी यंत्र. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीय.

२८ जून, बुधवार

कन्सोलची तीन कोटेशनं आली. तिन्ही दुकानांत एकच भाव! मी घासाघीस सुरू केली तर दुकानदार म्हणाला, वरूनच ठरून येतो, घ्यायचा तर घ्या. एवढ्या वर्षांत तीन कोटेशनं सारखी आली की मी फाईल परत पाठवलीय. ह्याला बाजार म्हणत नाहीत.

उलट पीसीचं काय सुंदर आहे! प्रोसेसर एकाकडे स्वस्त, मदरबोर्ड दुसऱ्याकडे, ग्राफिक कार्ड तिसऱ्याकडे. प्रत्येकाशी वेगळं भांडता येतं. निर्णय जवळजवळ झाला. पीसी.

१ जुलै, शनिवार

ठकीला घेऊन कॉम्प्युटरच्या गल्लीत गेलो. सगळी दुकानं पालथी घातली. तिला खूप शिकायला मिळालं. शेवटच्या दुकानात ती स्टुलावर बसून राहिली, पाय दुखत होते म्हणे. तिथल्या माणसाने तिला पाणी दिलं आणि विचारलं, आज घेणार का बाबा? तिने मान हलवून नाही सांगितलं. मी काही बोलायच्या आतच.

१५ जुलै, शनिवार

ठकी आली नाही. चाचणी परीक्षा. एका अर्थी बरंच झालं, ग्राफिक कार्डाचा भाव पुढच्या आठवड्यात उतरतोय अशी पक्की खबर आहे.

२० जुलै, गुरुवार

चढला.

२९ जुलै, शनिवार

सगळे पार्ट आले! प्रत्येक पार्ट बाजारातल्या सर्वांत कमी भावाने. सोफ्यावर खोकीच खोकी, त्यामुळे ठकीला खुर्चीवर बसवलं आणि मी उभा. जोडणीवाला आला, त्याने प्रोसेसर हातात घेतला, मदरबोर्ड हातात घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. हा ह्यात बसत नाही म्हणाला. प्रोसेसर एका जातीचा, बोर्ड दुसऱ्या जातीचा. कोणी घेऊन दिलं हे, असं त्याने विचारलं. मी विषय बदलला.

ह्यात माझी चूक नाही. दोन्ही आपापल्या जागी स्वस्तच होते.

ठकी हसेल असं वाटलं होतं, म्हणजे मीही हसलो असतो. ती हसली नाही. माझ्याकडे अशी बघत होती की मलाच माझी कीव आली. तिची आई तिला न्यायला आली तेव्हा ती दारातच तयार होती.

१२ ऑगस्ट, शनिवार

आज खरोखर झालं. बोर्ड बदलून घेतला (थोडा तोटा, तक्त्यात धरणार नाही). ठकी सकाळी आली तेव्हा पीसी सुरू होता. मग अपडेट. मग आणखी एक अपडेट. दुपारभर आम्ही पडद्यावर टक्के चढताना बघत बसलो. ते एके ठिकाणी येऊन गोठतात आणि माणसाचा अंत बघतात.

चहाच्या वेळेला होडी निघाली. तेव्हा लक्षात आलं, दोघांनी खेळायचं तर दोन कंट्रोलर लागतात. ते तक्त्यात नव्हते. टेबलाशी खुर्चीही एकच. मग ठकी म्हणाली, कीबोर्ड वाटून घेऊ. स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. डावीकडची बटणं माझी, उजवीकडची तिची. खांद्याला खांदा लागत होता. मी उलटं वल्हवलं, होडी खडकावर. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "बाबा, डावं म्हणजे डावं!" पुन्हा निघालो, पुन्हा खडक. तिने माझं बोट धरून बटणावर ठेवलं.

मग तिच्या आईचा हॉर्न वाजला.

ती गेल्यावर मी त्या स्टुलावरच बसून होतो. फार बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं.

२६ ऑगस्ट, शनिवार

बातमी. ठकीच्या आईने ज्याच्याशी लग्न केलंय त्या दाताच्या डॉक्टराने घरात कन्सोल आणला. टूथब्रश घ्यायला बाजारात गेला होता आणि येताना कन्सोल घेऊन आला! एकही कोटेशन नाही. आयत्या बिळावर नागोबा तर तो होताच, उधळ्याही निघाला.

जेवण झालं की तिघं सोफ्यावर बसून खेळतात म्हणे. होडीचाच गेम. दोघं वल्हवतात आणि ठकीची आई ओरडते. संसारात असताना ती ओरडली म्हणजे मला ते भांडण वाटायचं.

मी ठकीला तक्ता पुन्हा उघडून दाखवला. पाच वर्षांत त्यांची वर्गणी किती होईल, गेमचा खर्च किती, आपण कुठे पुढे जाऊ, सगळं. तिने शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तुझं बरोबर आहे बाबा."

असं माणूस आजारी माणसाला म्हणतं.

९ सप्टेंबर, शनिवार

ठकी आली नाही. मैत्रिणीचा वाढदिवस. वेळेचा सदुपयोग केला. दोन कंट्रोलर मागवले, तीन ठिकाणी भाव काढून. एकट्याने वल्हवायचा सराव करून पाहिला. जमत नाही, ते आधीच सांगितलं होतं तिने.

२३ सप्टेंबर, शनिवार

ठकीच्या आईचा फोन. पोहण्याचा वर्ग शनिवारीच असतो, तेव्हा ठकी आता सुट्ट्यांमध्येच येईल, चालेल ना? कोर्टाचा कागद काढू शकलो असतो. काढला नाही. मी विचारलं, हे ठकीचं म्हणणं की तुझं?  ती हळू आवाजात म्हणाली, ठकीनेच सांगायला सांगितलंय, तुला वाईट वाटेल म्हणून तिला सांगवत नव्हतं. मी म्हटलं, वाईट कसलं, पोहणं चांगलंच.

मग ठकी फोनवर आली. भराभरा बोलत होती. म्हणाली, आपण ऑनलाईन खेळू ना बाबा, तू तिकडून, मी इकडून, रोज संध्याकाळी.

रोज! हे शनिवारपेक्षा कितीतरी सोयीचं. जाणं-येणं नाही, हॉर्न नाही. माणसाने नाहक घाबरून जाऊ नये. कंट्रोलर आलेलेच आहेत.

२७ सप्टेंबर, बुधवार

जोडणीवाल्याला बोलावलं, कारण होडीत ठकी दिसत नव्हती. त्याने पाहिलं आणि सांगितलं की ह्या गेममध्ये कन्सोलवाल्यांना कन्सोलवालेच भेटतात आणि पीसीवाल्यांना पीसीवाले. काही गेममध्ये चालतं, ह्यात नाही. मी म्हटलं, काहीतरी मार्ग असेल. तो म्हणाला, आहे की, त्यांच्याकडे आहे तोच कन्सोल घ्या. पैसे घ्यायला तयार नव्हता, त्यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते कळलं.

तक्ता उघडून बसलो. किंमत, वर्गणी, वीज, दुरुस्ती, पुनर्विक्री, सगळे रकाने आहेत. कोणाबरोबर खेळायचं, हा रकाना नाही.

गेम कंपनीला कडक भाषेत मेल पाठवला. ठकीला सांगितलं की नेटची लाईन खराब आहे, दोन दिवसांत होईल.

१ ऑक्टोबर, रविवार

कंपनीचं उत्तर नाही. ठकीने गुरुवारी विचारलं, झालं का बाबा? शुक्रवारी विचारलं. काल विचारलं नाही. आज मीच सांगणार होतो, पण तिला घाई दिसली.

७ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळ

कन्सोल घेतला. पहिल्याच दुकानात. भाव विचारला नाही. दुकानदारच पावती देताना सांगू लागला. खोक्यात एक कंट्रोलर येतो, दुसरा वेगळा घेतला. ठकी सुट्टीत येईल तेव्हा लागेल.

घरी येऊन टीव्हीला जोडला. चहा उकळेपर्यंत चालू. कोणालाही जमलं असतं. मला जूनमध्येच जमलं असतं.

होडीचा गेम उतरवून घेतला आणि फोन लावला. दाताच्या डॉक्टराने उचलला. आवाज चांगला आहे माणसाचा. मी म्हटलं, होडीच्या गेमबद्दल जरा बोलायचं होतं. तो म्हणाला, ठकी तो आता खेळत नाही, सगळा वेळ पोहण्यात जातो, म्हणून कन्सोल त्याने परवाच भाच्याला देऊन टाकला. तिने बरेच दिवस तुमची वाट पाहिली, असंही म्हणाला. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मग त्याने तिला हाक मारली. ठकी म्हणून नाही, खऱ्या नावाने. ती धावत आली असावी, धाप लागली होती. आज ती खोल पाण्यात पहिल्यांदा एकटी पोहली, ते सांगितलं. भीती वाटली का विचारलं, तर म्हणाली, आधी वाटली, मग नाही. टीव्हीवर माझी होडी नुसती उभी होती. मी आवाज बंद केला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

मग तिने विचारलं, बाबा, तू फोन कशासाठी केला होतास?

मी म्हटलं, सहज.

ती म्हणाली, बरं, मग ठेवू?

मी म्हटलं, ठेव.