मास्तरांची माणसं

४ मार्च, सोमवार

तिन्ही पोटनिवडणुका गेल्या. तिन्ही! एक तरी जागा राहील असं वाटलं होतं. पक्षकार्यालयातला टीव्ही मास्तरांनी — मुख्यमंत्र्यांनी — स्वतः उठून बंद केला. रिमोट सापडेना, म्हणून मागची पिनच उपटली. मग फक्त पंख्याची कुरकुर.

डॉक्टर मात्र जिन्यात उभे राहून पत्रकारांशी बोलत होते — "नेतृत्वानं विचार करायची वेळ आली आहे." आरोग्यमंत्री! आपल्याच सरकारबद्दल! आणि सांगताना चेहरा असा, की घरात कुणी गेलंय.

मास्तरांनी मला आत बोलावलं. शाळेत मला इतिहास शिकवला तो यांनी, पुढे राजकारणात ओढलं तेही यांनीच. मी या वयातही त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसते. म्हणाले, "डॉक्टर आता माझी जागा मागणार. तू पक्षाची प्रतोद आहेस. आपली माणसं सांभाळ."

सांभाळते म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

५ मार्च, मंगळवार

दिवसभर फोन. कान भाजून निघाला. एरवी माझं काम सोपं — आपल्या सभासदांना सभागृहात हजर ठेवायचं, हात कधी वर करायचा ते सांगायचं. आता मात्र कोण कुणीकडे झुकतोय ते हुंगत बसायचं. एकाची सासू आजारी. एक आंघोळीला गेलेला — भर दुपारी! पैलवान म्हणतो, "ताई, माझं मन तुम्हाला ठाऊकच आहे." हेच तो डॉक्टरांनाही म्हणाला असणार, पैज लावते.

संध्याकाळी वकीलबाईकडे. आज ती कायदामंत्री आहे, पण मला ती आठवते ती आमदार वसतिगृहातली. दोघी एकाच वर्षी निवडून आलो. एक खोली, एक इस्त्री, आणि ती इस्त्री कुणी चालू ठेवली यावरून रोजचं भांडण.

तिनं चहा दिला आणि सरळ म्हणाली, "मास्तरांनी आता बाजूला व्हावं. त्यांच्या तोंडावर सांगितलंय मी."

"म्हणजे डॉक्टर?"

"डॉक्टर तर मुळीच नाहीत."

मग कोण, ते तिलाही माहीत नाही. राग आला मला. पण तिच्यापासून काही लपवावं असं डोक्यातही आलं नाही. कोण कोण डळमळतोय ते सगळं सांगून टाकलं. मास्तरांना तिच्याकडे येण्याआधीच सांगितलं होतं.

७ मार्च, गुरुवार

कुठून तरी बातमी फुटतेय. मी ज्याचं नाव डळमळीत म्हणून घेतलं, त्याच्या दारात डॉक्टर हजर! गिरणीवाल्याला तर मंत्रिपद देऊ केलं. तोच सांगत होता — अर्धा लाजत, अर्धा फुगत.

मास्तरांना जाऊन सांगितलं; नावं वकीलबाईलाही ठाऊक आहेत, तेही. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "हे आपल्या तिघांतच होतं ना?"

एवढंच. 

तिघं म्हणजे ते, मी आणि वकीलबाई.

८ मार्च, शुक्रवार

नाही. ती असं करणार नाही.

९ मार्च, शनिवार

गेलेच शेवटी. वकीलबाई आईची नखं कापत होती. मावशी आता अंथरुणातून उठत नाहीत, पण मला बघून तोंडभर हसल्या. "किती दिवसांनी गं!" वकीलबाईला खुणेनं आतल्या खोलीत बोलावलं.

"डॉक्टरांना नावं तू दिलीस?"

 नेलकटर तिच्या हातात तसाच.

"तू विचारतेस हे? मला?"

"हो. विचारतेय."

"मग आता मी काय सांगू तुला?"

"हो किंवा नाही!"

ती बाहेर गेली. आईचा दुसरा हात मांडीवर घेतला आणि नखं कापायला लागली.

नाही म्हणायला काय झालं होतं? एक शब्द! निघताना मावशींनी विचारलं, जेवून नाही का जात? मी चपला घालत काहीतरी पुटपुटले.

११ मार्च, सोमवार

बोलले. कार्यकारिणीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. "आपल्यात घरभेदी आहे, आणि ती कोण ते तिचं तिला माहीत आहे." तिच्याकडे बघून म्हटलं, मग नाव घ्यायचं राहिलं काय? मास्तरांनी मान खाली घातली. किती लागलं असेल त्यांना!

वकीलबाईनं कागद गोळा केले, चष्मा डब्यात ठेवला आणि उठून गेली. दार हळू लावून घेतलं. संध्याकाळी तिचं मंत्रिपद गेल्याचं जाहीर झालं.

घरी हे भाजी निवडत बसले होते. विचारलं, "ती हो म्हणाली का?"

"नाही."

"मग नाही म्हणाली?"

"नाही."

"मग तुला कळलं कसं?"

मी ओरडले त्यांच्यावर. तुम्हाला यातलं काय कळतंय, म्हटलं. त्यांनी एक जुडी संपवून दुसरी घेतली.

१३ मार्च, बुधवार

जमलं! गिरणीवाला परत आला. पैलवान चक्क आईची शपथ घेऊन गेला. घसा बसलाय, पायाला गोळे आलेत, पण शुक्रवारी आमदारांच्या बैठकीत नेतेपदाचं मतदान झालं तर मास्तर टिकतात. नक्की टिकतात! उद्या स्वतः जाऊन सांगते. फोनवर नको. त्यांचा चेहरा बघायचाय मला.

१४ मार्च, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

दुपारी मास्तरांच्या घरी गेले. नेहमीसारखी मागच्या दारानं. स्वयंपाकघरात मास्तर आणि डॉक्टर समोरासमोर बसून जेवत होते. डॉक्टरांनी बाह्या वर सारल्या होत्या. मास्तरांच्या सूनबाई त्यांना आग्रह करून वाढत होत्या. म्हणजे काही पहिलं जेवण नव्हतं ते!

"ये, बस," मास्तर म्हणाले. "पान घ्यायला सांगू?"

मी उभीच. त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं, धडा समजावून सांगावा तसं. ते स्वतःहून पायउतार होणार. डॉक्टर नेते होणार. मास्तरांना सभागृहाचं अध्यक्षपद, जावयाला बांधकाम खातं. "तू जीव तोडून माणसं जमवलीस म्हणून एवढं तरी पदरात पडलं," म्हणाले. वर कौतुक!

डॉक्टर हसले. "ताई, तुमचा अंदाज मात्र मानला. मास्तर नाव सांगायचे, मी जायचो, आणि माणूस खरंच हललेला असायचा."

मास्तर सांगायचे. मास्तर!

मी विचारलं, "आणि वकीलबाई?"

"या वाटणीत येतेस का, असं तिला आधीच विचारलं होतं," मास्तर भात कालवत म्हणाले. "तिनं दारातूनच परत पाठवलं. मग ती बाहेर असलेलीच बरी."

"मला का नाही विचारलंत?"

त्यांना खरंच नवल वाटलं. घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. "तुला काय विचारायचं? तू आपलीच."

तिथून तशीच वकीलबाईकडे. तिनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून रडले. शेजारची बाई बघत होती, बघू दे. म्हटलं, "तुला माहीत होतं, तर मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खरं-खोटं करायला तू मास्तरांकडेच गेली असतीस."

गेले असते. तिथंच गेले असते.

"माफ कर गं."

"सगळ्यांसमोर बोललीस ना? मग माफीही तिथंच माग."

१५ मार्च, शुक्रवार

मागितली.

मास्तरांनी भाषण केलं — नव्या पिढीसाठी जागा, पक्ष मोठा, माणूस लहान, वगैरे. मग माझ्याकडे वळले. डॉक्टरांच्या नावाला प्रतोदांनी अनुमोदन द्यावं! अजूनही त्यांना खात्री होती माझी.

उभी राहिले. बसलेल्या घशानं जेवढं निघालं तेवढं सांगितलं. घरभेदी कोण होतं, नावं कुणी पुरवली, कुणाच्या स्वयंपाकघरात काय ठरलं. मग शेवटच्या रांगेकडे बघून म्हटलं, वकीलबाई, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला, माझी चूक झाली. नेतेपदासाठी तिचंच नाव सुचवलं. तिनं जागेवरूनच मान हलवून नको म्हटलं.

वाटलं होतं, छत कोसळेल. कसलं काय! थोडी कुजबूज झाली. कुणीतरी खोकलं. मग हात वर करून मतदान, आणि माझी सगळी माणसं डॉक्टरांकडे. गिरणीवाला गेला. पैलवानानं तर हात इतक्या जोरात वर केला, की सदऱ्याची बगल उसवली.

नंतर व्हरांड्यात एकेक जण जवळ येऊन हळूच म्हणत होता, "ताई, बरं झालं बोललात." हळूच!

मास्तर शेजारून गेले. थांबले नाहीत. मी एवढ्या वर्षांच्या सवयीनं बाजूला सरकून त्यांना वाट दिली. त्याचीच जास्त लाज वाटतेय.

२० मार्च, बुधवार

मास्तर अध्यक्ष झाले. नवा प्रतोद — पैलवान.

वकीलबाईला दोनदा फोन केला. उचलला नाही.

२५ मार्च, सोमवार

मित्रपक्षानं पाठिंबा काढला. उद्या विश्वासदर्शक ठराव. काठावरचं गणित आहे, एकेका माणसाला घरून उचलून आणताहेत. पैलवानाचा फोन आला, "ताई, उद्या सरकारच्या बाजूनं. पक्षाचा आदेश मोडला तर आमदारकी जाते — पण हे मी तुम्हाला काय सांगायचं!" आणि हसला.

मीही हसले.

२६ मार्च, मंगळवार

सरकार पडलं. एका मतानं. ते मत माझं.

वकीलबाईनं सरकारच्या बाजूनं मत दिलं. निकाल मास्तरांनी वाचला. अध्यक्षांना वाचावाच लागतो.

जिन्यात वकीलबाई भेटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली — "हे माझ्यासाठी केलंस असं कुणाला सांगू नकोस."

तिच्यासाठी केलंच नव्हतं.