ऑल्दोनंतर काही नाही

२४ एप्रिल, शुक्रवार

निवड झाली! दुपारी फोन. पलीकडची बाई इतक्या हळू आवाजात बोलत होती की आधी वाटलं कुणीतरी गेलं. "फान सर, जिल्ह्याच्या नववीच्या परीक्षेचा इंग्रजीचा पेपर काढायला याल का? कुणाला सांगायचं नाही हं." म्हटलं, विचार करून कळवतो. आणि तिने फोन ठेवायच्या आत हो म्हणून टाकलं.

इतकी वर्षं व्याकरण शिकवतोय. अखेर वरच्या कुणाच्या तरी लक्षात आलं.

नियम कडक. पेपर काढणारे, तो पडताळून बघणारे, छापणारे सगळे डोंगरातल्या एका केंद्रात बंद. परीक्षा संपेपर्यंत बाहेर पाऊल नाही, फोन नाही. मला काय त्याचं! मला एकांत हवाच होता. व्याकरणाचं पुस्तक लिहून होईल. पोटही कमी होईल.

बायकोला सांगितलं, प्रशिक्षणाला चाललोय. मेइ-च्वान म्हणाली, "ज्यात फोन लागत नाही, असलं प्रशिक्षण ना?" म्हटलं, डोंगरात रेंज नसते. "बरं," म्हणाली आणि न सांगताच बॅगेत पोट साफ व्हायच्या गोळ्या घातल्या. तिला काडीचा संशय नाही.

२६ एप्रिल, रविवार

आत आलो. दारावर लाइ नावाचा पहारेकरी. फोन घेतला, घड्याळ घेतलं, रेडिओही घेतला. ही डायरी चाळून परत दिली. जाताना पुन्हा तपासणार म्हणे. तपासा. त्यांनाही चार गोष्टी शिकायला मिळतील.

खिडक्यांना आतून काळा कागद. कचरासुद्धा बाहेर जात नाही, तो शेवटपर्यंत आमच्याबरोबर मुक्कामाला. लाइ म्हणाला, "सर, आत येताना सगळे असेच हसत येतात." पुढचं विचारलं नाही.

मंडळी: याओ सर, प्राध्यापक, आमचे अध्यक्ष, झोपाळू. पंग बाई, निवृत्तीला टेकलेल्या, सोबत लोकर आणि सुया (सुया लाइने मोजून आत सोडल्या). आणि केविन. खरं आडनाव हुआंग, पण केविन म्हणा म्हणतो. हाफ पँटमध्ये आलाय. हा पेपर काढणार!

२७ एप्रिल, सोमवार

पहिल्या बैठकीत माझं धोरण मांडलं. आपल्या मुलांचं इंग्रजी कुठे अडतं? सवयीत. आपल्या भाषेत ‘जरी’ म्हटलं की मागोमाग ‘तरी’ यावाच लागतो. जरी पाऊस होता, तरी पण मी गेलो. मुलं तेच इंग्रजीत नेतात. ऑल्दो इट रेन्ड, बट आय वेंट. चूक! इंग्रजीत एकदा ऑल्दो आला की दुसऱ्या बाजूला काही नाही. मोकळी जागा. ही एक गोष्ट कळली तर अर्धं इंग्रजी आलं. मी आयुष्य यावर वेचलंय.

केविन म्हणाला, "सर, मुलांना वाचायला दिलं तर आपोआप कळतं हो."

आधी व्याकरण, मग वाचन. आधी पोहायला शिकायचं, मग पाण्यात उतरायचं, असं त्याला सांगितलं. तो का हसला कळलं नाही.

३० एप्रिल, गुरुवार

वाचनाचा उतारा लिहिला. विषय: स्वल्पविरामाचा इतिहास. तीन मसुदे. माझ्या मते माझं आजवरचं सर्वोत्तम लेखन.

पेपर सोडवून बघायला कॉलेजची काही मुलं आमच्याबरोबरच कोंडून ठेवली आहेत. त्यातला एक दुसऱ्या परिच्छेदात झोपला. जेवणात डुकराच्या मांसाचा भात होता, त्याचा परिणाम. एका मुलीने ‘लेखकाबद्दल काय अनुमान काढता येईल?’ या प्रश्नाच्या उत्तरात लिहिलं, "लेखकाला बहुतेक कुणी भेटायला येत नाही."

याओ सर म्हणाले, "फान सर, मुलांनी हा उतारा शेवटपर्यंत वाचावा, असं आपल्याला वाटतं ना?"

उतारा गेला. केविनचा आला. एक कुत्रा रोज एकटाच बसमध्ये चढून बाजारात जातो, त्याची गोष्ट. सोडवताना मुलं मोठ्याने हसली. परीक्षेत हसणं!

असो. महत्त्वाचा असतो तो व्याकरणाचा प्रश्न.

३ मे, रविवार

प्रश्न तयार. एकाच वाक्यात सगळं तत्त्वज्ञान.

ऑल्दो द सूप वॉज कोल्ड, ____ ही ड्रँक इट. पर्याय: बट, सो, येट, आणि ‘काहीच नको’.

उत्तर अर्थात ‘काहीच नको’. जिल्हाभरची मुलं ‘बट’च्या खड्ड्यात पडतील आणि तिथून शहाणी होऊन बाहेर येतील. परीक्षेतून शिक्षण, ते हेच.

जेवणात पुन्हा कारल्याचं सूप.

५ मे, मंगळवार

पुस्तक: शून्य पानं. एसीचा आवाज. तो बंद केला की पंग बाईंच्या सुयांचा आवाज. त्या थांबल्या की केविनची शीळ. बाहेर ऊन आहे की पाऊस, काही कळायला मार्ग नाही. लाइला विचारलं, तर म्हणाला, "हवामानही गुप्त ठेवायचं का, ते मला नक्की माहीत नाही, सर. विचारून सांगतो." खरंच विचारायला गेला. अजून उत्तर आलेलं नाही.

व्यायाम म्हणून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या. टोकाला कचऱ्याच्या पिशव्या आहेत, तिथून वळावं लागतं. दिवसेंदिवस लवकर वळावं लागतं.

७ मे, गुरुवार

आज माझ्या प्रश्नावर चर्चा. पंग बाईंनी सुया खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "फान सर, ‘येट’ही चालतं हो तिथे. ऑल्दो अमुक, येट तमुक. जुन्या पुस्तकांत मी कितीदा वाचलंय."

म्हटलं, बाई, जुन्या पुस्तकांत घोडागाडीसुद्धा असते.

"पण चूक नाही ना ते. एखाद्या मुलीने ‘येट’ लिहिलं तर तिचा गुण का कापायचा?"

मी उठून उभा राहिलो. खडू घेतला. बाण काढले. चहाच्या वेळेलाही बसलो नाही. मधेच केविन म्हणाला, "सर, फक्त ‘येट’ काढून दुसरा पर्याय टाका, मिटलं." म्हणजे माघार! तत्त्वाचा प्रश्न आहे. कॉलेजची मुलगी म्हणाली की मलाही दोन्ही बरोबर वाटतात. तिला म्हटलं, वाटण्यावर व्याकरण चालत नाही.

शेवटी याओ सर डोळे मिटूनच म्हणाले, "राहू दे, फान सरांची खात्री आहे ना, मग राहू दे." सगळे जेवायला पळाले. दणदणीत विजय.

पंग बाई जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही दमला असाल. खाऊन घ्या." हरलेला माणूस असाच गोड बोलतो.

१० मे, रविवार

छपाई सुरू. छापणारेही आता आमच्यासारखेच कैदी. यंत्राने नीट वागावं म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलंय. हिरवंच लागतं. पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं म्हणे. सुशिक्षित लोक! मीही एक ठेवलं. नुकसान काय आहे?

गठ्ठे बांधले, सील केले. जिल्ह्याचं इंग्रजी आता माझ्या हातून सुटून मुलांच्या हातात चाललंय. डोळे भरून आले. पंग बाईंनी रुमाल दिला.

१२ मे, मंगळवार

आता काम काही नाही आणि बाहेरही जाता येत नाही. केंद्रात एक कपाट आहे, त्यात एकच इंग्रजी शब्दकोश, जाडजूड, वाळवी लागलेला. सहज उघडला. सहज ‘ऑल्दो’ काढला.

सकाळी ११ (भिंतीवरचं घड्याळ). ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, येट ही वर्क्ड ऑन.’

सकाळी ११.१०. छापण्यातली चूक असणार.

सकाळी ११.३०. ‘येट’ काढला. तिथेही तेच. दुसरं वाक्य.

दुपारी. शब्दकोश कपाटात सर्वांत मागे, तोंड भिंतीकडे करून ठेवला. जेवलो नाही. केविन म्हणाला, "सर, डाएट?" हो म्हटलं.

१३ मे, बुधवार

शांतपणे विचार केला. सांगितलं तर सगळा पेपर पुन्हा छापायचा. कागद, शाई, छापणाऱ्यांची झोप. इतक्या लोकांना त्रास देणं मला जमत नाही. मुळात स्वभाव भिडस्त. शिवाय कुठली मुलगी ‘येट’ निवडणार? आमच्याकडे कुणी जुनी पुस्तकं वाचत नाही. ‘आधी व्याकरण, मग वाचन’ हे मीच सगळ्यांना शिकवलंय. त्या दृष्टीने प्रश्न सुरक्षित आहे.

तरीही याओ सरांच्या खोलीत गेलो. ते एका पायावर उभे राहून व्यायाम करत होते. "काय, फान सर? पेपरात काही?"

म्हटलं, नाही, कारल्याच्या सुपाबद्दल बोलायचं होतं.

"मीही कंटाळलोय," म्हणाले आणि पाय बदलला.

१४ मे, गुरुवार

लाइला म्हटलं, एक खिडकी उघड, श्वास कोंडतोय. तो म्हणाला, "उघडता येत नाही, सर. पण तुम्ही उघडल्याची कल्पना करा, मी बाजूला उभा राहतो." उभा राहिला. भला माणूस आहे. काळ्या कागदासमोर आम्ही दोघं बराच वेळ उभे होतो.

पंग बाईंचा स्वेटर झाला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" उत्तम वाटतंय, म्हणालो. त्या म्हणाल्या, "अजून वेळ आहे हो. काही बोलायचं असेल तर मी येते सोबत." कशाबद्दल बोलताहेत, कळलं नाही, असं दाखवलं. चांगलं दाखवता आलं.

१७ मे, रविवार

इंग्रजीचा पेपर संपला. दार उघडलं. बाहेर ऊन होतं. इतकं, की मला शिंक आली. सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. केविनने मलाही मारली.

बसमध्ये फोन हातात आला. एकच बातमी सगळीकडे. ‘थंड सुपात दोन उत्तरं’. कुणीतरी वाडग्याचं चित्रही काढलंय. वाडग्यात एक मास्तर बुडतोय.

मास्तर टकला आहे. म्हणजे मी नव्हे. माझे बाजूचे केस आहेत.

१८ मे, सोमवार

शाळेत गेलो. शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नाही. "कुठल्या गाढवाने काढला हा प्रश्न?" म्हटलं, हो ना, कुठल्या. पेपर कुणी काढला हे आम्ही मरेपर्यंत सांगायचं नाही, तसं लिहून घेतलंय. म्हणजे मला माझी बाजूही मांडता येत नाही. मांडता आली असती तर बघितलं असतं.

दहाला एक बाई आल्या. शाळेच्या फाटकाबाहेर त्यांची कांद्याच्या पातीच्या पोळ्यांची गाडी असते. आमच्याच वर्गातल्या यू-हानची आई. यू-हान मागे उभी. तिने ‘येट’ निवडलंय. मी विचारलं, का गं? वर्गात मी काय शिकवलं होतं?

"ऑल्दोनंतर काही नाही, सर." मग खाली बघून म्हणाली, "पण आईच्या गाडीवर बसून मी गोष्टींची जुनी पुस्तकं वाचते. त्यात असतं. चुकीचं वाटलं नाही."

आई म्हणाली, "सर, एवढा एक प्रश्न मिळाला तर नववीनंतरच्या नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागतो. नाहीतर नाही. तुम्ही मोठे व्याकरणवाले, तुम्हीच काहीतरी करा."

मी म्हटलं, बघतो. पाणी प्यायलो.

दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. शाळेतर्फे हरकत नोंदवायची आहे. "फान सर, तुमच्याइतकं ऑल्दो या शाळेत कुणाला कळत नाही. लिहा. आणि झोडा त्याला."

१९ मे, मंगळवार

टाळण्याचे प्रयत्न. (१) घसा दुखतोय म्हटलं. मुख्याध्यापक म्हणाले, लिहायला घसा लागत नाही. (२) प्रश्न काढणाऱ्याचीही काही बाजू असेल, म्हटलं. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. (३) नाही.

यू-हान मधल्या सुट्टीत दारात उभी. नुसती उभी.

२० मे, बुधवार

लिहिलं. आधी मवाळ लिहिलं. मग यू-हानची आई गाडीवरून हात हलवताना दिसली आणि हात सुटला. पंग बाई म्हणाल्या होत्या ते सगळं घातलं, शब्दकोशातली दोन्ही वाक्यं घातली. वाटण्यावर व्याकरण चालत नाही, पण वाचण्यावर चालतं, असंही एक वाक्य आलं. कुठून आलं माहीत नाही. शेवटी लिहिलं, ‘प्रश्नकर्त्याने साधा शब्दकोश उघडण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत.’

हे मात्र अन्यायाचं आहे. उघडला होता. जरा उशिरा.

२२ मे, शुक्रवार

हरकत मान्य! दोन्ही उत्तरं बरोबर धरणार. वरून निरोप आला की इतक्या हरकतींमध्ये आमच्या शाळेची सर्वांत मुद्देसूद होती. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर हात हातात घेतला. "फान सर, इतक्या वर्षांत तुमच्या व्याकरणाने पहिल्यांदाच एखाद्या मुलीचा फायदा झाला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

यू-हानच्या आईने पोळ्या पाठवल्या, अंडं घातलेल्या. पैसे घेईना. यू-हान म्हणाली, "सर, मग आता वहीत काय लिहू? ऑल्दोनंतर ‘येट’ चालतं की नाही?"

म्हटलं, घंटा झाली.

घंटा झाली नव्हती.

२४ मे, रविवार

रात्रीच्या जेवणाला उरलेल्या पोळ्या गरम केल्या. मेइ-च्वान वर्तमानपत्र वाचत होती. म्हणाली, "कोण असेल हो तो, प्रश्न काढणारा?"

असेल कुणीतरी मूर्ख, म्हणालो.

"असं नका म्हणू. आत डांबून ठेवतात म्हणे त्यांना. खिडकीसुद्धा नाही. त्या बिचाऱ्यालाही बायको असेल घरी."

मी पोळीचा तुकडा तोडला. तिने माझ्या वाडग्यात सूप वाढलं. कारल्याचं नव्हतं.

"तुमचं प्रशिक्षण कसं झालं, ते तुम्ही सांगितलंच नाहीत," म्हणाली.

बरं झालं, म्हणालो.

"जरी बरं झालं असलं," ती म्हणाली, "तरी पण पुढच्या वर्षी जाऊ नका."

उद्या सोमवार. पहिला तास आठवीला, पास्ट टेन्स.