सीटमागचं ज्वारीचं पोतं

अण्णा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी भवानी पेठेतल्या आपल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसचं शटर वर करताना मी रोज तुमच्याशी भांडते. तुमच्या फोटोला हार घालणारे ड्रायव्हर म्हणतात, "मालकांसारखा माणूस व्हायचा न्हाय." मी मान डोलावते आणि आतल्या आत दातओठ खाते. त्यांना काय जातंय म्हणायला! चांगुलपणा तुम्ही केलात, निस्तरायला मी उरले.

तो दिवस मला लख्ख आठवतो. विम्याचा एजंट घरी आलाय, आई तव्यावर भाकरी टाकतेय आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातच पाट घेऊन बसलाय. तो बिचारा जीव तोडून समजावतोय. आपल्या ट्रकनं रस्त्यावरच्या कुणाला उडवलं, तर भरपाई कंपनी देणार. गाडीच्या नुकसानीसाठी वेगळा हप्ता, ड्रायव्हर-क्लीनरसाठी आणखी थोडा. पण मालाच्या गाडीत सवारी बसवली आणि तिला काही झालं, तर कंपनी हात वर करणार. मालाचा मालक आपल्या मालाबरोबर बसला असेल, तरच त्याचा विचार होतो. हे ऐकल्यावर तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "मग सोपं हाय की! बसंल त्याला मालाचा धनी करू." दुसऱ्या दिवशी आपल्या प्रत्येक ट्रकमध्ये सीटमागं ज्वारीचं एकेक पोतं आलं. वाटेत कुणीही हात केला, गाडीत चढला, की ते पोतं त्याचं. उतरला की पुढच्याचं.

मी तेव्हा कॉलेजात होते. म्हटलं, "अण्णा, कंपनीला एवढं कळणार नाही का?" तर तुम्ही माझ्यावरच उखडलात. "चार बुकं शिकलीस म्हणून माणसं उनात उभी ठिवायची व्हय गं? मोकळ्या सीटला काय वज्जं हुतंय?" आई हसली. मी ताटावरून उठून गेले. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कधीच दिलं नाहीत, आणि आता तर प्रश्नच मिटला.

तुमच्यानंतर मी विम्याचे हप्ते कधी चुकवले नाहीत, पण गाडीतली ती रीत मोडायची कुणाची छाती नव्हती. ड्रायव्हर पोतं देवासारखं सांभाळायचे. मग गेल्या वर्षी माळशिरसच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला चुकवताना आपली गाडी उलटली. ड्रायव्हरचा हात मोडला, त्याचा खर्च विम्यातून निघाला. गाडीही दुरुस्त होऊन आली. शेजारच्या सीटवर यंत्रमागावर काम करणारा एकजण होता, तुमच्या काळापासून आपल्याच गाडीनं गावाकडं जाणारा. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हाच माणूस रस्त्याकडेला उभा असता आणि गाडी त्याच्या अंगावर गेली असती, तर कंपनीनं भरपाई दिली असती. आत बसला, म्हणून काही नाही.

दवाखान्यात त्याच्या खाटेशी आपल्या वकिलांनी हळूच सुचवलं, "पोतं माझंच होतं, गावी नेत होतो, एवढंच सांगा." मीही आशेनं त्याच्याकडं बघत होते. तो म्हणाला, "ताई, ते पोतं माझं न्हाय. मालकांच्या येळंपासनं गाडीतच असतंय. मालकांनी कवा माज्याकडनं पैसा घेतला न्हाय, आन् त्यांच्या गाडीवरनं मी खोटं बोलू?" कोर्टातही त्यानं तेच सांगितलं. कंपनीच्या वकिलाला पुढं काही विचारावंच लागलं नाही. किडे पडलेल्या त्या ज्वारीचा फोटोही त्यांच्याकडं होताच. भरपाई गाडीमालकानं द्यावी, असा निकाल लागला. गाडीमालक म्हणजे मी. दुरुस्त होऊन आलेली ती गाडी विकून मी त्याला पैसे दिले. ते पुरणार नाहीत, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही.

अण्णा, संताप कशाचा येतो सांगू? पाय गमावलेला माणूस तुमच्या नावाला जपतो आणि खोटं बोलत नाही. आणि तुम्ही? सीटमागं पोतं ठेवून जन्मभर खोटं चालवलंत, वर दिलदार म्हणवून घेतलंत. तुमच्या भरवशावर लोक बिनघोर बसायचे हो! त्यांना एकदा तरी सांगायचंत, बाबा रे, काही झालं तर तुझ्यामागं कुणी नाही. एवढं सांगायला तुमची जीभ का झडली? मी सगळी पोती गच्चीवर नेऊन पाखरांपुढं ओतली. सवारी घेईल त्याची नोकरी गेली, असं ड्रायव्हरांना बजावलं. ते माझ्या माघारी मला काय म्हणत असतील, ते मला ऐकू न येताही कळतं.

परवा नवीन ड्रायव्हरची परीक्षा घ्यायला मी स्वतः गाडीत बसले होते. शहराबाहेरच्या फाट्यावर तोच उभा होता, काखेत कुबडी. गाडी ओळखून त्यानं हात वर केला. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी गाडी बाजूला घ्यायला लावली, खाली उतरले आणि गाडी पुढं पाठवून दिली. एसटी येईपर्यंत त्याच्याशेजारी उन्हात उभी राहिले. तो म्हणाला, "मालक असते तर..." आणि एसटीच्या वाटेकडं बघू लागला. मी म्हटलं, "व्हय, असते तर." एसटीत त्याला हात देऊन चढवलं आणि रिक्षा बघत तुम्हाला मनसोक्त शिव्या घातल्या.

हे पत्र कुठं टाकायचं? राहील ड्रॉवरमध्ये. एकच गोष्ट मी ड्रायव्हरला सांगितली नाही, तुम्हाला सांगते. त्याचा वर गेलेला हात दिसला, तेव्हा गाडी थांबवा म्हणायच्या आधी मी मागं वळून सीटमागं बघितलं होतं, पोतं आहे का ते.