आंधळे गड्डे

माय, तुला अक्षर येत नव्हतं आन मी तिसरीतून उठलेली, म्हणजे ह्या कागदाचा उपयोग काय ते आपल्या दोघींनाबी ठाऊक हाय. तरी लिहितेय. का म्हणशील, तर जिच्यावर ओरडावं असं माझ्यापेक्षा मोठं माणूस घरात कुणी उरलं न्हाई. धाकट्यांवर ओरडून ओरडून मी दमले, त्यांना सवय झाली. तू मेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझं तोंड मला नीट आठवत न्हाई. हात मात्र आठवतो. माझं मनगट धरून माझा कोयता मातीपर्यंत दाबणारा. त्याच हातानं ह्या साली माझ्या नातीचं वाटोळं करायला घेतलंय, आन ते मला तुला तोंडावर सांगायचंय.

डेलिया म्हणजे काय ते तुला कुठून ठाऊक असणार. फूल हाय. ताटलीएवढं फूल, वास न्हाई, खाता येत न्हाई, देवाला कुणी वाहत न्हाई. शहरातली माणसं कुंडीत लावतात आन बघत बसतात. आपल्या गावच्या गुरुजीच्या सुनेनं माळावर प्लास्टिकचं घर उभं केलंय, पॉलिहाऊस म्हणतात त्याला. बाई म्हणतो आमी तिला. त्यात ती डेलियाची रोपं करती आन शहरातल्या नर्सऱ्यांना धाडती. माझे गुडघे गेले, उसाच्या तोडीला जाणं सरलं, तवापासून मी तिथं जाते. डेलियाला गड्डा असतो, रताळ्यावानी. तो अर्धा वाळूत पुरायचा, वरून पाणी फवारत ऱ्हायचं. त्याच्या मानेतून कोंब येतात. कोंब बोटाएवढा झाला की कापायचा आन नारळाच्या भुश्यात टोचायचा. त्याला मुळं फुटली की झालं रोप. आन नीट कापलं असंल तर त्याच मानेतून परत कोंब येतात, परत कापायचे. एक गड्डा असा हंगामभर देत ऱ्हातो, दुभत्या म्हशीवानी.

आता नातीचं सांगते. थोरल्याची पोरगी, शिरूरला बारावीत हाय. अंगानं माझ्यावर गेली, डोक्यानं कुणावर गेली काय ठाऊक, आपल्यात तर असं कुणी झालं न्हाई. कॉलेज सुटलं की तीबी पॉलिहाऊसात येती. पोळ्याच्या आधी तिला बघायला पाव्हणं आलते. पोराच्या बापानं पोरीला नाव विचारलं न्हाई, शाळा विचारली न्हाई. विचारलं काय, तर "उसाची मोळी उचलती का?" मी म्हणले, "उचलती की. तुमच्या पोराला सुद्धा उचलंल, वजन कमीच दिसतंय." सून पदराआड हसली, माझा पोरगा न्हाई हसला. त्यांच्याकडं पोरगा एकटा हाय, अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम धड विचारीत न्हाई. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे तुला मी काय सांगू. त्यांना सून नको, त्यांना उरलेला अर्धा पाहिजे. अठरा पूर्ण व्हायला लागतात म्हणे कायद्यानं. फडात दाखला कोण बघतंय.

पोरगी तवा रडली न्हाई. बापापुढं उभी राहिली आन म्हणली, "बाई मला कायमचं कामाला ठेवते म्हणलीय. ह्या हंगामात रोपं चांगली झाली तर सगळं पॉलिहाऊस माझ्यावर सोपवणार हाय. मग मी तुमच्यावर भार न्हाई ना? मग बारावी करू द्या." माझा पोरगा वाईट न्हाई गं. उसानं त्याला वाकवलंय, तो सरळ बघू शकत न्हाई एवढंच. ते दोघं नवरा-बायको उसाला गेले की घरात तरणी पोरगी म्हातारीच्या भरवशावर ठेवायची, ह्याच्या भ्यानं त्याला झोप लागत न्हाई. तो म्हणला, "बरं. रोपं होऊ दे, कायमचं काम होऊ दे. न्हाई झालं तर दसऱ्यानंतर टोळी निघायच्या आत उरकायचं." असं पोरीचं नशीब त्या वाळूत पुरलेल्या गड्ड्यांवर येऊन बसलं. आन गड्डे कापायला कोण, तर मी.

फडातली ती सकाळ हाय, दव पडलंय, पाचट बोटं कापतंय. मी दहा-अकरा वर्षांची असेन. मी ऊस वीतभर वर सोडून तोडतेय, कारण लई वाकलं की कंबर धरती आन पाचटात विंचू असतात. तू मागून येतेस. शिवी देत न्हाईस. माझं मनगट धरतेस आन कोयता पार मातीला टेकवतेस. "बुडातून तोड, बये. गोडी बुडात असती. आन डोळा मातीखाली असतो. वरून जेवढं चाटून तोडशील, तेवढा खालून पुढच्या सालचा खोडवा जोरात येतो." मग सगळ्या ओळीतली बुडखं मला परत तोडायला लावतेस, सगळी टोळी बघत असताना. कुणीतरी म्हणतं, "पोरगी उसाची दाढी अर्धीच करून उठली." सगळे हसतात, तूबी हसतेस. त्या दिवसापासून माझ्या हातानं बूड सोडलं न्हाई. माझं लगीन झालं, पोरं झाली, केस पिकले, कोयता बुडातूनच चालला. मुकादम नव्या बायांना आणून माझी ओळ दाखवायचा, म्हणायचा, "बघा, चटई हाथरून झोपावं असं रान केलंय." मला लई भारी वाटायचं. माझ्याजवळ भारी वाटावं असं दुसरं होतं तरी काय.

बाईनं पोरीला शिकवलं होतं आन पोरीनं मला. "आज्जे, मानेला ब्लेड लागू द्यायचं न्हाई. खाली एक पेर ठेवायचं." मी हो म्हणले. कानानं ऐकलं, हातानं न्हाई ऐकलं. त्या दिवशी बाई बीडला गेलती, पोरीची परीक्षा होती, कोंब कापायला आलते. मी ब्लेड घेतलं आन बसले. पहिल्या एक-दोन गड्ड्यांना पेर ठेवलं. ते वर राहिलेलं ठूठ बघून माझं मलाच कसंतरी झालं, जसं कुणी अर्धं झाडून गेलंय. मनात आलं, ही कालची पोर, पुस्तकातून शिकलेली, हिला काय कळतंय फुटव्यातलं. आन मग हात सुटला. एकेक कोंब मानेला चाटून, साफ. ती दोन ठूठंसुद्धा परत जाऊन कापली. संध्याकाळी बाई ट्रे बघून म्हणली, "आजी, काय सुरेख काम केलंत हो!" गड्ड्यांकडं तिनं बघितलं न्हाई, पिशवी हातात होती. मी घरी येऊन सुनेला सांगितलं, बाई मला सुरेख म्हणली.

ते कोंब लागले. त्यांची रोपं झाली, हिरवीगार, पण ती पहिलीच तोड, थोडकीच. खरा माल दुसऱ्या-तिसऱ्या फुटव्याचा. नवरात्र तोंडावर आलं तरी गड्डे गपगार. बाई रोज वाळू बाजूला करून बघायची. एक दिवस तिनं एक गड्डा उपटला, ओढणीनं मान पुसली, अंगठा फिरवला. दुसरा उपटला. तिसरा. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणली, "आजी, डोळेच कापले गेलेत. डेलियाचा डोळा गड्ड्यावर नसतो, मानेवर असतो. मान गेली की गड्डा आंधळा." मी म्हणले, "सगळे?" ती म्हणली, "सगळेच." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी तिला उलटून काहीतरी बोलले असते, माझं पोट हलकं झालं असतं. ती नुसती ट्रे मोजल्यासारखं करत उभी राहिली. पोरगी माझ्याजवळ आली. माझा हात हातात घेतला, तळवा बघितला आन म्हणली, "किती सफाईनं तोडलंस गं आज्जे." बस, एवढंच. माय, तुझ्या सगळ्या माराच्या वर गेलं ते.

मग मी काय काय केलं ते कुणाला सांगू नये असं हाय. ते गड्डे परत पुरले. कोमट पाणी घातलं, राख घातली, ओलं गोणपाट पांघरलं. देवीला म्हणले, एक डोळा दे, माझे दोन्ही घे, न्हाईतरी मोतीबिंदू धरलाच हाय. एवढं सांगून ती ऐकत न्हाई म्हणल्यावर तिला शिव्यापण दिल्या. रोज पोरीच्या आधी जाऊन वाळूत बोटं घालते. गड्डे घट्ट हायत, जिवंत हायत, आत पाणी हाय, आन कुठून बाहेर यावं ते त्यांना कळत न्हाई. काही आता मऊ पडायला लागलेत. वास येतो.

बाईनं शेवटचा एक उपाय काढला. पहिल्या तोडीची जी रोपं झालीत, त्यांचे शेंडे खुडायचे आन ते टोचायचे. पोरीनं माझ्या हातातून ब्लेड काढून घेतलं. "आज्जे, तू पाणी मार." तिचा हात बघितला मी. वरचा शेंडा तेवढा घेती, खाली दोन पेरं सोडती, आन सोडताना तिला काही वाटत न्हाई. दसऱ्याचं ऊन, आत तव्यावानी तापतंय. लाईट गेली की फवारा बंद, शेंडे माना टाकतात. मग आमी दोघी ओली गोणपाटं घेऊन पळतो, ती एकीकडून, मी लंगडत एकीकडून. बाई म्हणली, "लागतील की नाही, मी सांगू शकत नाही आजी. वेळ निघून गेलीय." पोरगी शेंड्यांशी बोलती. मला वाटतं माझ्याशी बोलायचं ते तिकडं बोलती.

मला तुझी एक गोष्ट सारखी आठवती. फडावरच्या पाचटाच्या कोपीसमोर तीन दगडांची चूल, तू भाकरी थापतीयस, आन तिकडं बाप आन माझा होणारा सासरा बाजेवर बसलेत. मी तुझ्या शेजारी. मी तुझ्या तोंडाकडं बघतेय, तू जाळाकडं. बापानं इकडं वळून विचारलं, "काय गं, द्यायची का?" मला वाटलं आता तू काहीतरी म्हणशील. तू भाकरी उलटलीस आन मला म्हणलीस, "पीठ कमी पडतंय, घे मळ." मी मळलं. त्याचा मी कधी राग केला न्हाई, असं मला आतापर्यंत वाटत होतं.

आज दुपारी ते पाव्हणं परत आले. माझा पोरगा अंगणात कानस घेऊन कोयत्याला धार लावत होता. पोराचा बाप वट्यावर बसला आन मला म्हणला, "काय म्हातारे, पोरगी आमाला देता का फुलाला?" मी म्हणले, "फुलाला दिली तर फूल तिला मोळी तरी उचलाय लावत न्हाई." तो हसला. हसणारा माणूस हाय, वाईट न्हाई. माझ्या पोरानं कानस खाली ठेवली. "आये, चेष्टा ऱ्हाऊ दे. तू रोज तिथं जातीस. बाई काय बोलती मला कळत न्हाई, पोरगी तर तिच्या फायद्याचंच सांगणार. तू तुझ्या तोंडानं सांग. ते शेंडे लागले का न्हाई?" सून चहा गाळता गाळता थांबली. पोरगी दारात उभी, हातात भरलेली घागर, खालीबी ठेवीना.

मी म्हणले, "लागले. पांढरी मुळं निघालीत, मी बघून आले."

माझ्या तोंडाला धार हाय, पण खोटं न्हाई, हे त्याला लहानपणापासून ठाऊक हाय. तो कोयता भिंतीला टेकवून म्हणला, "पाव्हणं, ह्या साली ऱ्हाऊ द्या मग." त्यांनी चहा घेतला, अर्धा ठेवला, गेले. पोरीनं घागर उतरवली आन माझ्या गळ्यात पडली. मी तिला ढकलून दिलं, म्हणले, अंग ओलं केलंस माझं. टोळी निघायला अजून अवकाश हाय, म्हणजे माझ्या बोलण्याला तेवढाच अवकाश हाय. त्यात शेंडे लागले तर लागले. न्हाई तर बाई पॉलिहाऊसाला कुलूप लावील, हा पाव्हणा न्हाई तर दुसरा येईल, आन पोरगी जाताना माझ्याकडं बघील.

हा कागद कुठं धाडायचा? तुला जाळलं ती जागा साखर कारखान्याच्या मागं होती, आता तिथं ऊसच असंल. चुलीत घालीन उद्या.

मुळं मी बघितली न्हाईत, माय. सकाळी पोरगी यायच्या आधी एक शेंडा हळूच ओढून पाहिला होता. तसाच हातात आला. खाली काही न्हाई, बूड जरासं काळं. मी तो परत भुश्यात टोचला, दोन बोटांनी दाबला, आन वरून पाणी शिंपडून ठेवलं.