ॲम्प्लिफायरची हिरवी वायर

अप्पा, तुम्ही जयसिंगपूरहून आणलेला तो छोटा ॲम्प्लिफायर अजून माझ्याकडे आहे. तो कसा आणलात ते आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला मला धीर गोळा करावा लागणार आहे. मामानं दिलेली इलेक्ट्रिक गिटार वर्षभर घरात नुसती किणकिणत होती, पलीकडच्या खोलीतसुद्धा ऐकू जायची नाही. कारखान्यात तुम्हाला कुणीतरी सांगितलं की जयसिंगपुरात एकाचा ऑर्केस्ट्रा बंद पडलाय, त्याच्याकडे घरी सराव करायचा लहान ॲम्प्लिफायर पडून आहे. सुट्टीच्या दिवशी तुम्ही गेलात आणि एसटीतून तो टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन आलात. काळं रेक्झिन, तीन बटणं, एक सहा इंची स्पीकर. चहासुद्धा न घेता तुम्ही त्याची जुनी दोन तारांची वायर काढलीत, नवी तीन तारांची घातलीत आणि थ्री-पिनमध्ये हिरवी वायर आवळून मला दाखवलीत. "ही अर्थिंगची. आतला करंट पेटीवर, गिटारीच्या तारांवर उतरला तर हिच्यातनं जमिनीत जातोय. मला इचारल्याबिगर हिला हात लावायचा न्हाय." बावड्यातल्या आपल्या अख्ख्या गल्लीचं वायरिंग तुमच्या हातचं होतं. तुमचं बोलणं मी कशाला डावलीन, असं तेव्हा मलाही वाटलं होतं.

मी अकरावीत होते. गॅदरिंगमध्ये वाजवायचं ठरलं होतं, आणि कॉलेजात तोवर कुठल्या मुलीनं स्टेजवर गिटार वाजवली नव्हती. पण ॲम्प्लिफायर चालू केला की त्यातून एक बारीक घूं असा आवाज सतत यायचा. हळू सूर त्यात बुडून जायचे. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका ओळखीच्या गिटारवाल्याला मी विचारलं. तो म्हणाला, अर्थिंगची वायर काढून टाक, आम्ही सगळे तेच करतो. तुम्ही दुसऱ्या पाळीला गेला होता. तुमच्याच टेस्टरनं मी पिन उघडली, हिरव्या वायरचा स्क्रू सैल केला, वायर त्यातून सोडवून आतच दुमडली आणि पिन पुन्हा बंद केली. घूं थांबलं. इतका स्वच्छ आवाज मी कधी ऐकला नव्हता. दोन दिवसांनी तारांवर बोटांना मुंग्या येतायत असं जाणवलं. मी पायाखाली चटई घेतली आणि वाजवत राहिले. मुंग्या कशाच्या ते मला कळलं नव्हतं असं लिहिता आलं असतं, पण तुमची मुलगी होते मी, मला कळलं होतं.

त्या सकाळी मी ॲम्प्लिफायर चालूच ठेवून अंघोळीला गेले. आई फरशी पुसत होती. चटई उचलायची म्हणून ओल्या हातानं तिनं वरची गिटार धरली, अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहून. मी बाहेर येते तर आईचा आवाज नाही, नुसता घशातून घरघर, हात तारांना चिकटलेला. मी दारात उभी. तुम्ही मागच्या दारातून धावत येता, आईला हात न लावता आधी बोर्डाचं बटण पाडता, आणि ती गिटारीसकट खाली कोसळते. रिक्षात तुम्ही तिला मांडीवर घेतलं होतं आणि रिक्षावाल्याला फक्त "चल" म्हणत होता, पुन्हा पुन्हा. डॉक्टर म्हणाले, वाचली. पण तळहातावर तारांचे चटके उमटले आणि उजव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर झाली.

संध्याकाळी तुम्ही पिन उघडलीत. हिरवी वायर स्क्रूपासून सुटून आतच पडलेली. तुम्ही ती तळहातावर धरलीत. मग मान वर न करता विचारलंत, "तू उघडली हुतीस काय पिन?"

मी म्हणाले, "न्हाय."

तुम्ही एकदाही उलटून विचारलं नाहीत. "मग माझ्याच हातनं स्क्रू ढिला ऱ्हायला," एवढंच बोललात. चार शिव्या दिल्या असत्यात तर मी खरं सांगून टाकलं असतं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आले.

तुम्ही ते लपवलं नाहीत. मामाला सांगितलंत, शेजाऱ्यांना सांगितलंत, कारखान्यात सोबतच्या वायरमनांना सांगितलंत. गल्लीतलं कुणी काम घेऊन आलं की म्हणायचात, पावणं, दुसरा कुणीतरी बघा. मागच्या अंगणात खड्डा काढून, मीठ आणि कोळसा घालून तुम्ही नवीन अर्थिंग केलंत, आणि आठवड्यानं ॲम्प्लिफायर माझ्या खोलीत आणून ठेवलात. "वाजव," म्हणालात. मी वाजवलं. तुम्ही दारात उभे, नजर माझ्या बोटांवर नाही, पिनेवर. गॅदरिंगला मी वाजवलं, टाळ्या मिळाल्या, तुम्ही शेवटच्या रांगेत होता. मी स्टेजवरून खाली आल्यावर म्हणालात, आईला सांग, छान झालं.

तुमच्या आजारपणात मी पुण्याहून आले होते. आई पलीकडं भाकरी थापत होती, ती दोन बोटं ताठ ठेवून. तुम्ही तिच्याकडं बघत म्हणालात, "तिचा हात माझ्यामुळं गेला." आत्ताच, असं मनात म्हटलं. तोंड उघडलं. आणि पाणी आणते म्हणून उठले. बाराव्या दिवशी तुम्ही गेलात. मधले अकरा दिवस मी तुमच्या उशाशीच होते, अप्पा.

गेल्या वर्षी आईला सांगितलं. ती गव्हाचे खडे काढत होती. हात थांबला नाही. तशीच म्हणाली, "मला न्हाय, त्यास्नी सांगायचं हुतंस की गं." पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

हे पत्र घडी घालून ठेवून देईन. पाठवायला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवायची हिंमत नाही. तुमच्या माराला भ्याले म्हणून खोटं बोलले, असं मी तिलाही सांगितलं. ते खरं नाही. "न्हाय" म्हणताना माझ्या मनात तुमचा मार नव्हता, आईचा हातही नव्हता. गॅदरिंग पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि तुम्ही ॲम्प्लिफायर काढून घ्याल, एवढीच भीती होती.